कच्ची भाजी, जंत आणि बागाइतदाराचें कर्तव्य

मुळा, गाजर, काकडी, कांद्याची पात व कोथिंबीर आपल्या घरीं कच्चींच खाण्यांत येतात. तीं आरोग्यास हितकर खरीं. परंतु मळ्यांत त्यांस कोणतें पाणी व कोणतें खत मिळालें, हें पाहणें अवश्य आहे. शिजविलेल्या भाजींतील दोष चुलीवर जातो. कच्च्या भाजींतील दोष सरळ पोटांत जातो.

मनुष्याच्या आंतड्यांतील मोठ्या जंताची मादी दिवसास सुमारें २ लाख अंडीं घालते. तीं डोळ्यांस दिसत नाहींत. मळाबरोबर बाहेर पडतांच तीं बाधक नसतात. ओलसर मातींत २ ते ४ आठवडे राहिल्यावर त्यांस बाधण्याची शक्ति येते, व पुढें तीं कित्येक वर्षें जिवंत राहूं शकतात. त्यांचें कवच चिकट असल्यामुळें तीं पानांच्या खांचांत बसतात, आणि पिण्याच्या पाण्यांत घालतात तेवढ्या क्लोरिननें मरत नाहींत. जंतांनीं मुलांची वाढ खुंटते, अंगीं अशक्तता येते.

या बाबतींत जेरुसलेम शहराचा अनुभव बोधप्रद आहे. तेथें सांडपाण्यावर पिकविलेला भाजीपाला लोक कच्चा खात व जंतविकार फार असे. १९४८ सालीं शहराचे दोन भाग होऊन पश्चिम भागास होणारा हा पुरवठा तुटला, आणि तेथील विकार जवळजवळ नाहींसा झाला. १९६७ नंतर ती भाजी पुन्हां येऊं लागतांच विकारहि परत आला. १९७० सालीं तर पटकीची सांथ उद्भवली. तेव्हां अशी लागवड सरकारास बंद करावी लागली.

नाल्याचें पाणी फुकट मिळतें, त्यांत खताचा अंश असतो, व विहीर आटली असतां करावें काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर पिकांच्या वांटणींत आहे. विहिरीचें थोडें पाणी कच्च्या खाण्याच्या वाफ्यांस राखावें. नाल्याचें पाणी ऊंस, कापूस अशा पिकांस द्यावें, आणि तेंहि शक्य तर तळ्यांत ८-१० दिवस सांठवून, म्हणजे जड अंडीं तळाशीं बसतात. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८९ सालीं असा दंडक घातला कीं, कच्च्या खाण्याच्या पिकांस दिलेल्या पाण्याच्या १ लिटरांत जंताचें एकाहून अधिक अंडें नसावें.

शौचकूपांतील गाळ भाजीच्या वाफ्यांत टाकूं नये. जुड्या नाल्यांत बुचकळूं नयेत. स्वच्छ पाण्यानें धुवाव्या. मजुरांसाठीं मळ्यावर शौचकूप, पाणी व साबण ठेवावा. ओल्या मातींत वावरतांना पायांत जोडे असावे. कारण अंकुशकृमि अनवाणी पायाच्या त्वचेंतून शिरतो.

राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या योजनेनें २०१५ पासून शाळांतून मुलांस गोळी देण्यांत येते. ती अवश्य द्यावी. पण माती व पाणी तसेंच राहिलें तर जंत पुन्हां होतात. मळ्यांतील पहिली जुडी आपल्याच ताटांत पडते, हें प्रत्येक बागाइतदारानें ध्यानांत ठेवून पाण्याचा पाट वळवावा.