‘मर’ रोग : नाव एक, कारणे तीन

पालघर तालुक्यातील एडवणपासून केळवे-माहीमपर्यंतच्या किनारपट्टीत नारळ, सुपारी, केळी, पानवेल व भाजीपाला यांच्या वाड्या आहेत. उभे झाड वाळू लागले की वाडीत एकच शब्द उच्चारला जातो : ‘मर लागली’. परंतु मर हे रोगाचे लक्षण आहे. रोगाचे कारण नव्हे. माणसाच्या तापाची कारणे जशी निरनिराळी असतात, तशीच मरीचीही असतात. कारण न ओळखता केलेला उपचार म्हणजे पैसा, श्रम आणि मोसम या तिन्हींचा अपव्यय होय.

रोग उत्पन्न करणाऱ्या सूक्ष्मजीवांना व्यवहारात सरसकट ‘जंतू’ म्हणतात. शास्त्रीय मराठीत मात्र कवक म्हणजे बुरशी, जीवाणू आणि विषाणू असे त्यांचे निरनिराळे वर्ग मानले जातात. हा भेद केवळ पंडितांसाठी नाही. औषधाची निवड त्यावरच अवलंबून असते.

केळीची मर ‘फ्युजेरियम’ या कवकामुळे होते; तिलाच पनामा रोग म्हणतात. जुनी पाने कडेकडून पिवळी पडतात व देठाशी मोडून खोडाभोवती लोंबू लागतात. कंद कापल्यास आत तांबूस-तपकिरी रेषा दिसतात. हे कवक जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते. रोग लागलेले झाड औषधाने बरे होत नाही. म्हणून निरोगी बागेतील मुनवे घेणे, प्रतिकारक्षम जात लावणे आणि रोगट झाड मुळासकट काढून नष्ट करणे, हाच खरा उपाय होय.

पानवेलीची मर बहुधा ‘फायटॉप्थोरा’मुळे होते. जर्मन शास्त्रज्ञ अँटन द बारी यांनी १८७६ साली बटाट्याच्या करप्याच्या संदर्भात हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘वनस्पतींचा नाश करणारा’ असा आहे. पावसाळ्यात वेलीचा बुंधा काळा पडून कुजतो आणि वेल एकाएकी माना टाकते. फायटॉप्थोरा बुरशीसारखा दिसला तरी आज शास्त्रज्ञ त्याची गणना खऱ्या कवकांत करीत नाहीत. त्यामुळेच कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक त्याच्यावर चालत नाही. ताम्रयुक्त औषध चालते. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व शंभर लिटर पाणी यांपासून एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण तयार होते. पाने खुडून घेतल्यावरच ते वेलीच्या बुंध्याशी ओतावे. पाण्याचा निचराही उत्तम ठेवावा.

वांगी व टोमॅटो यांची मर पुष्कळदा ‘राल्स्टोनिया’ या जीवाणूमुळे होते. पाने हिरवी असतानाच झाड कोमेजते. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांनी १८९६ साली या जीवाणूचे वर्णन केले. यावर बुरशीनाशक ओतणे व्यर्थ होय. भात वा मका यांच्याशी फेरपालट करावी, त्याच जागी वांगी, टोमॅटो, मिरची वा बटाटा लागोपाठ घेऊ नये आणि रोगट झाडाला लागलेला कोयता स्वच्छ केल्यावाचून दुसऱ्या झाडाला लावू नये.

जीवाणूजन्य मर ओळखण्याची कसोटी सोपी आहे. नुकत्याच कोमेजलेल्या झाडाच्या खोडाचा बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापावा व स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात त्याचे टोक बुडेल असा उभा धरावा. काही मिनिटांत दुधासारखे पांढरे तंतू खाली उतरू लागल्यास रोग जीवाणूजन्य समजावा. तसे न घडल्यास बुंधा, मुळे व खोडाचा आतील भाग तपासावा.

औषधाच्या दुकानात जाताना शेतकरी बंधूंनी ‘मरीवर काही द्या’ एवढेच सांगून थांबू नये. कोणते पीक, कोणते लक्षण आणि कापल्यावर काय दिसले, हे सांगावे. शंका असल्यास मुळांसह ताजे रोगट झाड कृषी अधिकाऱ्यांना किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवावे. रोगाचे नेमके नाव कळले, म्हणजे नको त्या औषधाचा खर्च तेथेच वाचतो आणि उरलेली वाडी वाचविण्यास अवधी मिळतो.