चिन्ह का बदलते?

सारख्या किमतीच्या तीन वह्या आणि २० रुपयांचे एक पेन यांचे मिळून १२५ रुपये झाले, तर वहीची किंमत किती? ती क्ष मानली, की ३क्ष + २० = १२५ हे समीकरण मिळते. हे विधान खरे ठरवणारी क्षची किंमत म्हणजे त्याची उकल. क्षचा वर्ग किंवा घन नसल्यामुळे हे समीकरण रेषीय आहे.

पलीकडे नेले की अधिकचे उणे होते, हा नियम बहुतेकांना पाठ असतो. त्यामागचे कारण मात्र क्वचितच सांगितले जाते, आणि बीजगणिताची भीती तिथेच सुरू होते. खरे तर कोणतीही संख्या कुठे जात नाही. दोन्ही बाजू समान आहेत. दोन्हींतून २० वजा केले तर उरते तेही समानच. डावीकडे ३क्ष उरतात, उजवीकडे १०५. आता दोन्ही बाजूंना ३ ने भागले, की क्ष = ३५. ताळा सोपा आहे: १०५ आणि २० मिळून १२५.

अज्ञात दोन्हीकडे असले तरी रीत हीच. ५क्ष − ७ = २क्ष + ११ यात दोन्ही बाजूंतून २क्ष वजा करावे, मग दोन्हींत ७ मिळवावेत. ३क्ष = १८, म्हणून क्ष = ६.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात हेच सांगितले: एका पक्षातील (बाजूतील) अव्यक्त, म्हणजे अज्ञात, दुसऱ्या पक्षातून वजा करावे आणि दुसऱ्यातील व्यक्त, म्हणजे ज्ञात, संख्या पहिल्यातून. अज्ञाताला ते ‘यावत्तावत्’ म्हणत आणि दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडत. ‘लीलावती’त त्यांनी अज्ञात न मांडता उत्तर काढण्याची ‘इष्टकर्म’ ही रीतही दिली आहे. एखादी राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, हा प्राचीन इजिप्तच्या ऱ्हाइंड पपायरसमधला प्रश्न तिने चटकन सुटतो. राशी ७ धरली तर बेरीज ८ येते. हवी १९, म्हणून ७ ला १९ ने गुणून ८ ने भागायचे: १६ पूर्णांक ५/८. वह्यांच्या प्रश्नात मात्र असे थेट केले तर फसगत होते. किंमत १० धरली तर एकूण ५० येतात, त्या प्रमाणात उत्तर २५ निघते, आणि ते चूक आहे. पेनाचे २० रुपये वहीच्या किमतीबरोबर वाढत नाहीत. ते आधी वजा करावेच लागतात.

काही वेळा वजाबाकीत क्षच नाहीसा होतो. २क्ष + ३ = २क्ष + ८ यातून ३ = ८ असे अशक्य विधान उरते; अशा समीकरणाला उकल नसते. २(क्ष + ३) = २क्ष + ६ यातून ६ = ६ उरते; तिथे क्षची कोणतीही किंमत चालते.