दीर्घकाळ बंद असलेल्या जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन

दीर्घकाळ बंद असलेल्या मोटारीचे पुनरुज्जीवन म्हणजे अनेक वर्षे न चालवलेले वाहन तपासून, बिघडलेले भाग दुरुस्त करून किंवा बदलून ते पुन्हा सुरक्षितपणे व कायदेशीररीत्या रस्त्यावर आणण्याची प्रक्रिया होय. महाराष्ट्रात प्रीमियर पद्मिनी हे अशा वाहनांचे ठळक उदाहरण आहे. नाशिकमधील अंबड व सातपूर या औद्योगिक वसाहतींत यंत्रकाम करणारे अनेक लघुउद्योग असून बाजारात न मिळणारे लहान सुटे भाग लेथवर घडवून घेण्यासाठी अशा कारखान्यांचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी बनू लागल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट ही मोटार आली. १९७० च्या दशकात तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, मागील चाकांना मिळणारी गती आणि दीर्घकाळ टिकलेली, स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअरची रचना ही तिची वैशिष्ट्ये होत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती विशेष ओळखली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सी सेवेतून ती निवृत्त झाली.

उभ्या वाहनात होणारे बदल

न वापरलेले वाहन जसेच्या तसे राहत नाही. पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि उरलेल्या चिकट थराने कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे टाकी आतून गंजते, तसेच जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व पडदे खराब होतात. पिस्टनच्या कड्या सिलिंडरच्या भिंतींना चिकटतात, क्लचची तबकडी गंजामुळे फ्लायव्हीलला धरून बसते आणि बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर साचतो. उंदीर वायरींचे आवरण कुरतडतात. पावसाळ्यातील दमट हवेत हे बदल वेगाने होतात.

इंजिन सुरू करण्यापूर्वी

नवी बॅटरी जोडून थेट स्टार्टर फिरवणे ही सर्वांत घातक पद्धत समजली जाते. वर्षानुवर्षे कोरड्या राहिलेल्या सिलिंडरमध्ये गंजलेली कडी जोराने घासल्यास भिंतीवर ओरखडे पडतात व दुरुस्तीचे काम पूर्ण इंजिन उघडण्यापर्यंत जाते.

म्हणून प्रथम स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडतात आणि ते झिरपण्यासाठी किमान एक दिवस थांबतात. त्यानंतर क्रँकशाफ्ट पान्याने हळूहळू हाताने फिरवून पाहतात. ती अडल्यास जोर न लावता पुन्हा तेल सोडून थांबतात. जुने इंजिन तेल काढताना ते दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळल्याचे लक्षण मानतात. अशा वेळी हेड गॅस्केट तपासणे आवश्यक ठरते.

यानंतर पेट्रोलची टाकी रिकामी करून धुतात, इंधनाच्या रबरी नळ्या बदलतात, पंपाचा पडदा तपासतात आणि कार्ब्युरेटर उघडून साफ करतात. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटवर चढलेला थर काढून त्यांतील अंतर पुन्हा जुळवतात. रेडिएटर धुऊन होज बदलतात. प्लग बाहेर ठेवून इंजिन फिरवल्यास तेल सर्व बेअरिंगांपर्यंत पोहोचते. त्यानंतरच प्लग बसवून इंजिन सुरू करतात आणि तेलाचा दाब व तापमान यांवर लक्ष ठेवतात.

ब्रेक, टायर व सांगाडा

इंजिन सुरू झाले म्हणजे मोटार चालवण्यायोग्य झाली असे नाही. ब्रेकचे तेल ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर मानकानुसार तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. उतारावर ब्रेक तापल्यास या पाण्याची वाफ होते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. त्यामुळे मास्टर सिलिंडर व चाकांचे सिलिंडर उघडून त्यांतील रबर बदलणे, गंजलेल्या धातूच्या नळ्या नव्या टाकणे आणि सर्व तेल बदलणे ही कामे गाडी हलवण्यापूर्वी करतात.

टायरची जाळी शाबूत दिसली तरी रबर वयानुसार कडक होते. बाजूवरील चार अंकी खुणेवरून वय कळते. उदाहरणार्थ, ३११२ म्हणजे २०१२ सालचा ३१ वा आठवडा.

पद्मिनीला स्वतंत्र चासी नसून पत्र्याचे अंगच भार वाहते. त्यामुळे दरवाजाखालील पट्टी व तळाचा पत्रा कुजल्यास तो बलाचा प्रश्न असतो. त्यावर केवळ लांबी व रंग चढवल्यास दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. पुढे वाहनाची तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. चालू विमा व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रही आवश्यक असते. महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आकारला जातो.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात आणि नियमित वा व्यावसायिक वापरास परवानगी नसते. १९८५ मध्ये नोंदलेली पद्मिनी २०३५ पूर्वी या वर्गात येऊ शकत नाही. चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेले वाहन या मान्यतेस अपात्र ठरते. म्हणून मूळ इंजिन काढून दुसऱ्या वाहनाचे बसवण्याची सोपी वाट आज पैसे वाचवत असली, तरी भविष्यातील ही मान्यता गमावू शकते.

सुटे भाग

पद्मिनीचे उत्पादन बंद झाल्याने नवे मूळ भाग दुर्मीळ आहेत. मुंबईतील चोर बाजार व कुर्ला येथील जुन्या सामानाच्या बाजारांत वापरलेले भाग मिळतात. बुश, पिन यांसारखे साधे भाग नमुन्यावरून घडवता येतात. मात्र ब्रेक व स्टिअरिंगचे भाग घडवताना धातूची प्रत व मापे यांत तडजोड धोकादायक असते. कार्ब्युरेटर व पॉइंट जुळवणारे अनुभवी मिस्त्री कमी होत असल्याने अशा मोटारी टिकण्यासाठी सुट्या भागांइतकेच हे कौशल्यही जपणे आवश्यक आहे.