दहा उड्यांची कारकीर्द

ट्रॅम्पोलिन या क्रीडाप्रकारात एका फेरीचा निकाल सुमारे वीस सेकंदांत लागतो. खेळाडू आधी काही साध्या उड्या मारून उंची कमावतो आणि मग एकामागून एक दहा कसरती करतो. त्यांच्या मध्ये थांबण्यास, श्वास घेण्यास किंवा चुकलेली उडी पुन्हा मारण्यास कोणतीही मुभा नसते. दहाव्या कसरतीनंतर त्याला दोन्ही पायांवर स्थिर उभे राहावे लागते. सहाव्या उडीला तोल जाऊन तो चौकटीवरील गादीवर जाऊन पडला, तर गुण पहिल्या पाच कसरतींचेच धरले जातात आणि उरलेल्या चार त्या दिवसापुरत्या अस्तित्वातच नसतात. कारकिर्दीचे मोजमाप एवढ्या आखूड पट्टीने करणारे खेळ थोडे आहेत, आणि तरीही या खेळातील कारकीर्द समजुतीपेक्षा बरीच लांब असते. ती लांबी कशाने ठरते, हा प्रश्न पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातून पाहिला असता काहीसा वेगळा दिसतो.

गुणदानाची रीत आधी समजून घेणे आवश्यक आहे, कारण खेळाडूचे सारे प्रशिक्षण तिच्याभोवती फिरते. गुण चार अंगांनी दिले जातात. पहिले अंग काठिण्याचे. त्याचा प्राथमिक हिशेब असा की शरीराच्या आडव्या अक्षाभोवती घेतलेल्या प्रत्येक पाव कोलांटीला ०.१ आणि उभ्या अक्षाभोवती घेतलेल्या प्रत्येक अर्ध्या गिरकीला ०.१ गुण मिळतो, आणि पूर्ण कोलांट्यांची भर वेगळी पडते. दुसरे अंग सफाईचे, ज्यात सुटलेले गुडघे, वाकलेली बोटे, उशिरा उलगडलेले शरीर यांसाठी पंच गुण कापतात. तिसरे अंग हवेत राहिलेल्या वेळेचे असून तो वेळ यंत्राने मोजला जातो, आणि चौथे अंग आडव्या सरकण्याचे, म्हणजे खेळाडू जाळीच्या मध्यावरच उतरला की कडेकडेला भरकटत गेला याचे. ही जाळी, जिला खेळाडू सरसकट ‘बेड’ म्हणतात, सुमारे ४.२८ मीटर लांब आणि २.१४ मीटर रुंद असते व शंभराहून अधिक स्प्रिंगांनी पोलादी चौकटीला ताणलेली असते.

वेळेच्या गुणांत एक साधे भौतिकशास्त्र दडलेले आहे. अव्वल दर्जाचे पुरुष खेळाडू एका उडीत सुमारे १.८ सेकंद हवेत राहतात, आणि गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रात हा आकडा घातला तर शरीर जाळीपासून जवळजवळ ४ मीटर वर गेले असे उत्तर येते. जाळी स्वतः जमिनीपासून एका मीटरहून थोडी अधिक उंच असते. त्यात उभ्या माणसाची उंची मिळवली की खेळाडूचे डोके जमिनीपासून सात मीटरच्या आसपास पोचते. जाळीशी होणारा स्पर्श मात्र सुमारे ०.३ सेकंदाचा असतो. तेवढ्या अवधीत पूर्ण वेग थोपवून उलटा करायचा म्हणजे पायांवर, गुडघ्यांवर आणि कण्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी सहा-सात पट भार येतो, आणि सरावात दहा कसरतींचे दहा संच केले तर हा भार एका दिवसात शंभर वेळा येतो.

या हिशेबातून निघणारी सर्वांत व्यावहारिक गोष्ट म्हणजे छताची उंची. शाळांची सभागृहे, सोसायट्यांचे बहुउद्देशीय हॉल, मंगल कार्यालये यांत साध्या जिम्नॅस्टिक्सचे वर्ग चालू शकतात. ट्रॅम्पोलिनला मात्र किमान आठ मीटर मोकळी उंची लागते, शिवाय चारही बाजूंना गाद्या, माथ्यावर शिकणाऱ्याला आधार देणाऱ्या कमरपट्ट्याच्या दोऱ्यांसाठी कप्प्या आणि नव्या कसरती शिकण्यासाठी फोमच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा लागतो. अशी उंची ज्या इमारतींत सहज आढळते, त्या म्हणजे कारखान्यांच्या शेड. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ साली महानगरपालिका आली आणि पुढे चाकण, म्हाळुंगे, खेड या बाजूला वाहन उद्योग पसरला. या साठ-सत्तर वर्षांत या पट्ट्याने उंच, खांबरहित छपरांचा जेवढा साठा उभा केला, तेवढा महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. जाता जाता एवढे नोंदवावे की याच पट्ट्यात वाहनांसाठी स्प्रिंगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनतात, आणि ट्रॅम्पोलिन हे नेमके शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या उलट तत्त्वावर चालणारे उपकरण आहे: तो बसलेल्या धक्क्याची ऊर्जा उष्णतेत मुरवून टाकतो, तर ट्रॅम्पोलिनच्या स्प्रिंगांचे कौशल्य ती ऊर्जा होता होईल तेवढी परत करण्यात असते.

या उपकरणाचा जन्म सर्कशीच्या तंबूत झाला असे म्हणणे वावगे ठरणार नाही. झुल्यावरचे कसरतपटू खेळ संपताना सुरक्षा-जाळीवर उडी टाकतात आणि उसळून वर येतात, हे अमेरिकेतील जॉर्ज निस्सेन या तरुणाने पाहिले आणि १९३० च्या दशकात आयोवा विद्यापीठातील प्रशिक्षक लॅरी ग्रिसवोल्ड यांच्या साहाय्याने उसळी देणारी चौकट तयार केली. नाव स्पॅनिश भाषेतून घेतले. मराठी वाचकाला सर्कशीचे नवल नाही. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये आपली सर्कस उभी केली आणि सांगली-म्हैसाळ परिसरातून पुढे अनेक सर्कशी निघाल्या, त्यामुळे झुला आणि त्याखालची जाळी ही येथील प्रेक्षकांच्या चांगल्या ओळखीची होती. निस्सेन आपल्या उपकरणावर काम करीत असतानाच, १९३६ साली, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवून आले. बाळंभटदादा देवधरांच्या परंपरेतला मल्लखांब महाराष्ट्राने घडवला, जोपासला आणि २०१९ मध्ये त्याची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कवर भरवली. मात्र मल्लखांबात आधार स्थिर असतो आणि शरीर त्याला धरून असते, तर ट्रॅम्पोलिनवर धरण्यासारखे काहीच नसते. म्हणून मल्लखांबपटूला लवचीकता आणि धीर आयता मिळतो, हवेत आपण कोठे आहोत याचे भान मात्र त्यालाही पहिल्यापासून शिकावे लागते.

स्पर्धात्मक रूप या खेळाला बरेच उशिरा आले. पहिली जागतिक स्पर्धा १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाली. ऑलिंपिकमध्ये प्रवेश २००० साली सिडनीत मिळाला आणि आशियाई क्रीडा स्पर्धांत २००६ साली दोह्यात. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सोळा आणि स्त्रियांच्या सोळाच जागा असतात, त्यामुळे सगळ्या जगातून येणाऱ्या खेळाडूंसाठी ते दार फारच अरुंद आहे. भारतात हा प्रकार जिम्नॅस्टिक्सच्या कलात्मक आणि तालबद्ध शाखांच्या सावलीत वाढला. अलीकडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत, म्हणजे २०२२ च्या गुजरातमधील आणि २०२३ च्या गोव्यातील स्पर्धांत, त्याला स्थान मिळाले आणि आयुष मुळे, आदर्श भोईर, राही पाखले यांच्यासारखी महाराष्ट्राच्या संघातील नावे या वर्तुळात परिचित झाली. औद्योगिक पट्ट्याच्या अगदी शिवेवर, वाकडच्या पलीकडे, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडी-म्हाळुंगेचे शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे, जेथे जानेवारी २०१९ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या.

कारकिर्दीची सुरुवात साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात आणि बहुधा ट्रॅम्पोलिनवर नव्हे, तर जमिनीवरच्या जिम्नॅस्टिक्समध्ये होते. जाळीवर आल्यावर मूल पहिल्यांदा काय शिकते, तर थांबणे: गुडघे वाकवून उसळी जिरवणे. त्यानंतर बसून, पोटावर आणि पाठीवर उतरणे, मग गुडघे छातीशी घेतलेली, पाय सरळ ठेवून कमरेत वाकलेली आणि पूर्ण ताठ अशा तीन शरीरस्थिती, आणि मग एकेरी कोलांटी. पुढच्या कोलांटीला अर्धी गिरकी जोडली की ती ‘बरानी’, दीड गिरकी जोडली की ‘रूडी’, आणि तिहेरी पुढच्या कोलांटीला अर्धी गिरकी जोडली की ‘ट्रिफिस’. बरानीपासून ट्रिफिसपर्यंतचा प्रवास कित्येक वर्षांचा असतो. आंतरराष्ट्रीय वयोगट स्पर्धा ११-१२, १३-१४, १५-१६ आणि १७-२१ अशा गटांत होतात, आणि महाराष्ट्रातील पालकाच्या नजरेला यातली अडचण ताबडतोब दिसते: दहावी आणि बारावी नेमकी १५-१६ आणि त्यापुढच्या गटाच्या उंबरठ्यावर येतात. बोर्डाच्या परीक्षेतील क्रीडा-सवलतीचे गुण आणि शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के खेळाडू आरक्षण या दोन गोष्टी घरात खेळाच्या बाजूने बोलल्या जातात. क्लासचे वेळापत्रक विरुद्ध बाजूने बोलते, आणि बहुतेक घरांत तेच जिंकते.

औद्योगिक पट्ट्यात याला आणखी एक पदर आहे, जो वरवर क्षुल्लक वाटेल. येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तर स्पर्धा आणि निवड चाचण्या शनिवार-रविवारी होतात. पहिल्या पाळीला गेलेला बाप दुपारी घरी येतो, दुसऱ्या पाळीचा मध्यरात्रीकडे परततो, आणि पाळी आठवड्याने बदलत असल्यामुळे मुलीला सरावाला नेणे-आणणे हे काम आई, आजी किंवा शेजारच्या काकूंच्या वाट्याला फिरत राहते. चाकणच्या चौकातील वाहतूक कोंडी ज्याने अनुभवली आहे, त्याला चाकणहून बालेवाडीला रोज संध्याकाळी जाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. या पट्ट्यातील मुलाची कारकीर्द खेळाडूच्या गुणांपेक्षा आधी अंतराने आणि पाळीने ठरते, हे विधान कठोर वाटले तरी अतिशयोक्त नाही.

शारीरिक जोखमींत घोटा, गुडघा आणि कंबर यांची दुखणी अपेक्षितच आहेत. ज्याची चर्चा होत नाही असा एक त्रास मात्र स्पष्ट नोंदवायला हवा. स्वीडनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ ते २२ वयाच्या, मूल न झालेल्या ३५ उच्चस्तरीय महिला खेळाडूंपैकी २८ जणींना उड्या मारताना लघवीवर ताबा राहत नसल्याचे आढळले. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येणाऱ्या वारंवार भाराचा हा परिणाम असून त्यावर व्यायामाचे उपाय आहेत. परंतु प्रशिक्षक पुरुष असेल आणि मुलगी तेरा वर्षांची असेल, तर ती हे सांगत नाही आणि ‘आवड राहिली नाही’ असे म्हणून खेळ सोडते.

दुसरी जोखीम मनाची आहे. हजार वेळा केलेली कसरत एके दिवशी अचानक ‘हरवते’: खेळाडू हवेत जातो, पण शरीराला पुढची गिरकी आठवत नाही. २०२१ मध्ये टोकियोत सिमोन बाइल्सने माघार घेतली तेव्हा जगाला या अवस्थेची ओळख झाली. ट्रॅम्पोलिनच्या वर्तुळात ती जुनी आहे. ब्रिटनची ब्रायनी पेज तिच्यातून गेली आणि साध्या उड्यांपासून पुन्हा शिकत वर आली. तिने २०१६ मध्ये रौप्य, टोकियोत कांस्य आणि २०२४ मध्ये पॅरिसला, वयाच्या ३३ व्या वर्षी, सुवर्ण मिळवले. चीनच्या डाँग डाँगने चार ऑलिंपिकांत चार पदके घेतली, कॅनडाच्या रोझी मॅक्लेननने २०१२ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन सुवर्णे जिंकली, आणि रशियाचा अलेक्झांडर मोस्कालेन्को निवृत्तीतून परत येऊन सिडनीत तिशीत पहिला विजेता ठरला. वीस सेकंदांच्या या खेळात तिशी हा शेवट नाही, याचा हा भक्कम पुरावा आहे. आपल्याकडे मात्र बहुतेक कारकिर्दी अठराव्या वर्षाच्या आसपास, म्हणजे शरीर नुकतेच तयार होत असताना संपतात.

खेळ सोडल्यावरच्या वाटा मोजक्या आहेत: पंचांची परीक्षा, शाळेत क्रीडाशिक्षकाची नोकरी, आरक्षणातून मिळालेली शासकीय जागा, किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतील पदविका घेऊन प्रशिक्षण. मॉलमधील ट्रॅम्पोलिन पार्कांनी अलीकडे काहींना रोजगार दिला आहे, तरी तेथील एकमेकांना चिकटलेल्या जाळ्या आणि त्यांवर एकाच वेळी उड्या मारणारी अनेक मुले हा वेगळाच प्रकार आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना घरगुती करमणुकीच्या ट्रॅम्पोलिनविरुद्ध सल्ला देते तो बहुतांशी एका जाळीवर अनेकांनी उडण्यामुळेच. प्रशिक्षक झालेल्या जुन्या खेळाडूच्या हातात पुन्हा तीच कमरपट्ट्याची दोरी येते. शिकणारा कोलांटी घेत असताना ती ताणून धरायची, आठवडे गेले की थोडी सैल सोडायची, आणि एके संध्याकाळी ती पूर्ण सैल असतानाच त्याची कसरत पूर्ण झालेली असते. त्याला हे खाली उतरल्यावर सांगितले जाते.