बैठकीच्या गावातून मीटिंगकडे

कोकणात एखाद्याबद्दल ‘तो आता बैठकीला जातो’ असं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. ऐकणारा समजून जातो, गड्याची दारू सुटली. या बैठकीचं गाव रेवदंडा. कुंडलिका नदीच्या मुखाशी, पोर्तुगीज तटबंदीच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या जपणारं. इथल्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ मध्ये दासबोधाच्या निरूपणाच्या बैठका सुरू केल्या. पुढे त्यांच्या मुलाने, आप्पासाहेबांनी, त्याला व्यसनमुक्ती, वृक्षारोपण, रक्तदान अशी कामं जोडली. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बैठकीत श्रद्धेचा वाटा मोठा आहेच, पण दर आठवड्याला ठरल्या वेळी ठरल्या माणसांत जाऊन बसायचं, हा शिरस्ताही तितकाच कामाचा.

हाच शिरस्ता सातासमुद्रापार वेगळ्या वाटेने जन्मला. मे १९३५. अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल नावाचा दलाल धंद्यात आपटला होता. हॉटेलातला बार त्याला खुणावत होता. तो बारकडे न जाता फोनकडे गेला. त्याला बोलायला दुसरा दारुडाच हवा होता. शोधता शोधता डॉ. बॉब भेटले. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या शेवटच्या घोटाचा दिवस, आणि तोच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे एएचा, स्थापना दिवस मानला जातो. भारतात ही चळवळ १९५७ मध्ये आली.

बैठकीत एक जण निरूपण करतो, बाकीचे ऐकतात. एएच्या मीटिंगमध्ये निरूपणकार नसतो. ज्याची पाळी येते तो नुसतं पहिलं नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत असं म्हणतो आणि स्वतःची कथा सांगतो. पगाराच्या दिवशी रिकाम्या खिशाने घरी गेल्याची, मुलीच्या साखरपुड्यात गटारात सापडल्याची. मधे कोणी टोकत नाही, उपदेश करत नाही. फी नाही, वर्गणीची सक्ती नाही. शेवटी पिशवी फिरते, ऐपत असेल तो टाकतो. बाहेरच्या देणग्या घेत नाहीत. अट एकच, दारू सोडायची इच्छा. जन्मभराची शपथ कोणी घालत नाही, फक्त आजचा दिवस प्यायची नाही. पुन्हा प्यायलेला माणूस, त्यांच्या भाषेत ‘स्लिप’ झालेला, परत आला तर त्याच्यासाठी खुर्ची असते. मला वाटतं, चारचौघांत घसरलेल्याला ही खुर्चीच सगळ्यात जास्त लागते.

हे सगळं ऐकायला भाबडं वाटतं. पण २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने साडेदहा हजारांवर रुग्णांचे २७ अभ्यास तपासले. ठरावीक पद्धतीने एएकडे वळवणाऱ्या उपचारांतले ४२ टक्के लोक वर्षभरानंतर दारूपासून पूर्ण दूर होते. इतर उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. चमत्कार नव्हे, पण चहाच्या खर्चात मिळणाऱ्या मदतीच्या मानाने फरक मोठाच.

आणि गरज किती? केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार देशात सुमारे पावणेसहा कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदत हवी आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलाही उपचार मिळतो.

आता रेवदंड्याच्या माणसाने जायचं कुठे? गावात अडचण एकच, सगळे सगळ्यांना ओळखतात. बारसमोर गाडी लावायला ज्याला लाज वाटत नाही, त्याला मीटिंगच्या दारात ती लावायला वाटते! म्हणून अनेक जण मुद्दाम दुसऱ्या गावची मीटिंग धरतात, किंवा मोबाईलवर ऑनलाइन मीटिंगला बसतात. एएच्या भारतीय संकेतस्थळावर चौकशी केली की जवळच्या ग्रुपचा दिवस आणि वेळ कळते. आधी फोन करून विचारावं, की मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’. ओपनला बायको, भाऊ, मित्र कोणीही येऊ शकतं. क्लोज्ड फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाही तरी चालतं. एक ग्रुप पटला नाही तर दुसरा पाहावा.

एक गोष्ट मात्र मीटिंगच्या आधीची. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात घरीच बंद करणं धोक्याचं असतं. थरथर, फिट, भ्रम होऊ शकतो, क्वचित जीवही जातो. त्यासाठी आधी डॉक्टर, अलिबागचं जिल्हा रुग्णालय. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये, पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून उभं केलेलं मुक्तांगणही अशा रुग्णांना दाखल करून घेतं. तिथल्या ‘सहचरी’ गटात रुग्णांच्या बायका एकमेकींशी बोलतात. घरच्यांसाठी एएसारखीच वेगळी चळवळ आहे, अल-अनॉन, १९५१ पासूनची. नवरा यायला तयार नसला तरी बायको तिथे जाऊ शकते, आणि पुष्कळदा घरातली पहिली तीच जाते.

काय करावं हे सुचतच नसेल तर केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन आहे. नंबर १४४४६, मोफत.