घरच्या घरी गर्भचाचणी : दोन रेघा नीट वाचू या

पाळी चुकली की घरात कुजबुज सुरू होते. आता औषधाच्या दुकानात चाचणीचे पाकीट चिठ्ठीशिवाय मिळते, आशा कार्यकर्तीकडे सरकारी 'निश्चय' संचही असतो. मात्र त्यावरच्या सूचना बारीक अक्षरांत असतात. म्हणून मंडळातील कुटुंबांसाठी त्या सोप्या मराठीत देत आहोत.

गर्भ रुजल्यावर शरीरात 'एचसीजी' हे संप्रेरक तयार होते आणि ते लघवीत उतरते. चाचणीची पट्टी तेच ओळखते. सुरुवातीला त्याचे प्रमाण फार कमी असते, पण दर दोन-तीन दिवसांनी ते जवळजवळ दुप्पट होते. त्यामुळे घाई केली तर गर्भ असूनही 'नाही' असे उत्तर येऊ शकते. पाळीची तारीख उलटू द्यावी. पाळी अनियमित असेल तर संबंधानंतर किमान २१ दिवस थांबावे.

आधी पाकिटावरची मुदत पाहावी. मुदत उलटलेला धनादेश बँकेत चालत नाही, तसेच हेही. सकाळची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या भांड्यात घ्यावी. फार पाणी पिऊन चाचणी करू नये. पट्टी सपाट जागी ठेवून सोबतच्या नळीने सांगितले तेवढेच थेंब खाचेत टाकावेत आणि घड्याळ लावावे. बहुतेक संचांत पाच मिनिटांत उत्तर मिळते.

'सी' आणि 'टी' दोन्हींजवळ रेघ आली तर गर्भ आहे. 'टी'ची रेघ फिकट असली तरी उत्तर 'होय' असेच धरावे व दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. फक्त 'सी'जवळ रेघ आली तर उत्तर 'नाही'. तरीही पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा चाचणी करावी. 'सी'ची रेघच आली नाही तर ती चाचणी बाद, नवा संच घ्यावा. ठरलेली वेळ उलटून गेल्यावर उमटलेली रेघ मोजू नये, ती लघवी वाळल्याची खूण असू शकते. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचे इंजेक्शन घेतले असेल, तर गर्भ नसतानाही दोन रेघा दिसू शकतात. अशा वेळी चाचणी कधी करायची हे डॉक्टरांना विचारावे.

सर्वांत महत्त्वाचे असे की, गर्भ कुठे रुजला आहे हे पट्टी सांगत नाही. तो गर्भनलिकेत असला तरी दोन रेघा येतात. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, रक्तस्राव, चक्कर किंवा खांदेदुखी असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. उशीर जिवावर बेतू शकतो. त्रास नसला तरी दोन रेघांनंतर डॉक्टरांकडे जावेच. चालू असलेली औषधे त्यांना सांगावीत, फॉलिक आम्लाच्या गोळ्यांविषयी विचारावे. गर्भ नको असेल तरी दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत.

आणि सासूबाईंना, आईंना आमची विनंती : उत्तर प्रथम तिला वाचू द्या. 'नाही' आले तर टोमणा नको, 'होय' आले तर ती सांगेपर्यंत पेढे नकोत.