सोळा मिलिसेकंदांचा हिशेब

पीसी गेममधले दृश्य हलते वाटते, पण पडद्यावर येतात ती एकामागून एक स्थिर चित्रे, म्हणजे फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. ३० वर भागणार असेल तर ३३.३. खेळाडूने कोणते बटण दाबले, शत्रू कुठे सरकला, गोळी कशाला लागली, उजेड कुठून आला आणि सावली कुठवर गेली, हे सगळे ठरवून चित्र रंगवायचे ते एवढ्या वेळात. या वेळात जे बसते तेच दिसते. म्हणून ग्राफिक्सचा दर्जा कार्डाच्या किमतीवर जेवढा ठरतो, तेवढाच गेम बनवणाऱ्यांनी हा वेळ कसा वापरला यावरही ठरतो.

काम दोघांत वाटलेले असते. दृश्यात काय आहे आणि ते कुठे आहे हे प्रोसेसर ठरवतो आणि तसे हुकूम ग्राफिक्स कार्डाला देतो; प्रत्येक पिक्सेलचा रंग कार्ड काढते. १९२०×१०८० च्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. फोर-के पडद्यावर ते ८२ लाख ९४ हजार ४००, म्हणजे बरोबर चौपट होतात. हा वाढीव भार जवळजवळ सगळा कार्डावर पडतो. शत्रू मात्र तेवढेच, झाडे तेवढीच, त्यामुळे प्रोसेसरचे काम फारसे बदलत नाही.

या वाटणीत गल्लत झाली की काय होते, ते जर्मनीतल्या क्रायटेक कंपनीच्या ‘क्रायसिस’मध्ये दिसते. नोव्हेंबर २००७ मध्ये आलेल्या या गेममधले जंगल, अंगाला लागताच वाकणारी पाने आणि गोळीबारात मोडून पडणारी झाडे पाहून लोक थक्क झाले, पण सर्वोच्च सेटिंगवर तो सुरळीत चालवणे त्या काळच्या उत्तमोत्तम कार्डांनाही जड गेले. पुढे कितीतरी पट ताकदीची कार्डे आली, तरी गर्दीच्या प्रसंगांत फ्रेम घसरतच राहिल्या. कारण गेमचे मुख्य काम प्रोसेसरच्या एकदोन कोअरवर, म्हणजे त्यातल्या स्वतंत्र गणनकेंद्रांपैकी एकदोनांवरच, एकवटलेले होते. एकेका कोअरचा वेग वाढत जाईल हा अंदाज चुकला. वाढली ती कोअरची संख्या, आणि जुना गेम त्या जादा कोअरचा उपयोग करू शकत नव्हता.

याच्या उलट २०१६ चा ‘डूम’. तो मे महिन्यात आला आणि जुलैत त्याला वल्कनची, म्हणजे गेमचे हुकूम कार्डापर्यंत पोचवण्याच्या एका पद्धतीची, जोड मिळाली. वल्कनमुळे कार्डाला द्यायचे हुकूम अनेक कोअर एकाच वेळी तयार करू शकतात आणि गेम आणि कार्ड यांच्यामधल्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरचा भार हलका होतो. गेम तोच, कार्ड तेच, तरी फ्रेम वाढल्या. एएमडीच्या कार्डांवर तर ठळकपणे. ऑप्टिमायझेशन म्हणतात ते हेच.

त्याचा मोठा भाग म्हणजे नको ते काम टाळणे. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये नकाशाच्या कोणत्या भागातून कोणता भाग दिसू शकतो, हे नकाशा तयार करतानाच काढून ठेवलेले असे. भिंतीआडचे रंगवण्यात वेळ घालवायचाच नाही. दूरच्या वस्तूंची कमी तपशिलाची प्रतिकृती वापरणे हीही त्याच जातीची युक्ती. खेळणाऱ्याला ती कळत नाही, यातच तिचे कौशल्य आहे.

वेळेइतकीच टंचाई असते ती कार्डावरच्या मेमरीची. वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायच्या चित्राला टेक्श्चर म्हणतात. ४०९६×४०९६ पिक्सेलचे एक टेक्श्चर दर पिक्सेलला ४ बाइट धरून ६४ मेगाबाइट होते; बीसी७ पद्धतीने आवळले की १६. एका दृश्यात अशी शेकडो टेक्श्चर असू शकतात. मार्च २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ला हा हिशेब सुरुवातीला जमला नाही. ८ गिगाबाइटच्या कार्डांवर उंची टेक्श्चर मावेनात आणि मध्यम सेटिंगवर भिंती-कपडे पुसट दिसू लागले. हा गेम मुळात ज्यावर आला त्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून एकच सामायिक मेमरी वापरतात. पीसीत दोघांची मेमरी वेगळी असते. शिवाय कन्सोलचे हार्डवेअर ठरलेले असल्याने त्याचे शेडर, म्हणजे पिक्सेलचे रंग काढणारे कार्डावरचे छोटे प्रोग्राम, आधीच तयार करून देता येतात. पीसीवर ते त्या-त्या कार्डासाठी खेळणाऱ्याच्याच यंत्रावर तयार करावे लागतात, आणि या गेमने त्यात फार वेळ घेतला. नंतरच्या दुरुस्त्यांनी टेक्श्चर स्पष्ट झाली. कार्डे तीच होती, हे लक्षात घ्यावे.

‘बॅटमॅन: आर्खम नाइट’चे प्रकरण याहून वाईट. जून २०१५ मध्ये आलेल्या या गेमची पीसीवरील विक्री काही दिवसांतच थांबवावी लागली आणि ती पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. चांगल्या यंत्रांवरही तो धडपणे चालत नव्हता.

अलीकडे कमी पिक्सेलांत रंगवलेले चित्र मोठे करणारी तंत्रे, म्हणजे एनव्हिडियाचे डीएलएसएस आणि एएमडीचे एफएसआर, मदतीला आली आहेत. फोर-के पडद्यासाठी डीएलएसएसच्या ‘क्वालिटी’ सेटिंगवर गेम प्रत्यक्षात २५६०×१४४० मध्ये रंगवला जातो, म्हणजे निम्म्याहून कमी पिक्सेल, आणि उरलेला तपशील आधीच्या फ्रेमच्या आधाराने भरला जातो. तंत्र खरोखर उपयोगाचे आहे. पण कच्च्या कामावर पांघरूण म्हणून ते वापरले जाऊ नये. प्रोसेसर अडला असेल किंवा शेडर ऐनवेळी तयार होत असतील, तर बसणारे झटके त्याने जात नाहीत. सरासरी ६० फ्रेम असल्या तरी मध्येच एक फ्रेम ५० मिलिसेकंद रेंगाळली की डोळ्याला ती खटकतेच.

नवे कार्ड घेण्याआधी एक सोपी चाचणी करता येते. रिझोल्यूशन उतरवल्यावर फ्रेम वाढल्या, तर ताण कार्डावर आहे; सावल्यांचे सेटिंग एक पायरी खाली आणूनही अनेकदा भागते. रिझोल्यूशन उतरवूनही फ्रेम तेवढ्याच राहिल्या, तर अडचण बहुधा प्रोसेसरची किंवा खुद्द गेमची आहे, आणि महागडे कार्ड घेऊन ती सुटणार नाही.